केट डॅनियल्स : तलवारीच्या धारेवरून संसाराकडे

केट डॅनियल्स ही ‘इलोना अँड्र्यूज’ या नावाने लिहिणाऱ्या अमेरिकेतील लेखक-दांपत्याच्या कादंबरीमालिकेची नायिका. ‘मॅजिक बाइट्स’ (२००७) या पहिल्या कादंबरीत ती वाचकांना भेटली आणि ‘मॅजिक ट्रायम्फ्स’ (२०१८) या दहाव्या कादंबरीने मुख्य मालिका पूर्ण झाली. या अकरा वर्षांत एका एकलकोंड्या, भाडोत्री तलवारबाज तरुणीची पत्नी, माता आणि एका शहराची रक्षणकर्ती झाली. ‘अर्बन फँटसी’ या साहित्यप्रकारातील नायिकेची घडण आणि तिची प्रेमकथा एकमेकींत किती घट्ट विणता येतात, याचे ही मालिका हे एक उत्तम उदाहरण मानावे लागेल.

(या लेखात कथानकाचा बराच भाग उलगडला आहे, मात्र अखेरच्या कादंबरीचा शेवट वाचकांसाठी राखून ठेवला आहे.)

साहित्यप्रकाराची पार्श्वभूमी

अर्बन फँटसी म्हणजे नागरी अद्भुतकथा. परीकथेतील राजवाडा आणि अरण्य सोडून अद्भुत गोष्टी आधुनिक शहरात वस्तीला येतात, ही तिची मूळ कल्पना. एमा बुल यांची ‘वॉर फॉर द ओक्स’ (१९८७) ही या प्रकारातील आरंभीची महत्त्वाची कादंबरी. तिच्यात मिनिअ‍ॅपोलिस शहर पऱ्यांच्या युद्धाचे रणांगण होते. पुढे लॉरेल के. हॅमिल्टन यांच्या ‘गिल्टी प्लेझर्स’ने (१९९३) शस्त्रधारी, फटकळ आणि स्वतःची कथा स्वतः सांगणारी नायिका रूढ केली. दूरचित्रवाणीवर १९९७ ते २००३ या काळात चाललेल्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या मालिकेने अशा नायिकेला घराघरांत नेले. शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाउस २००१ साली आली, तर पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्पसन २००६ साली. केट डॅनियल्स ही याच परंपरेतील पुढची नायिका.

या परंपरेत प्रेमाचे एक ठराविक वळण पडून गेले होते. नायिका शूर असते, तिच्याभोवती एक किंवा अनेक अमानवी प्रियकर घोटाळत असतात आणि निवड लांबत जाते. केटच्या कथेत प्रेमाचा त्रिकोण जवळपास नाहीच. ‘कोणाला निवडू’ हा तिच्यापुढचा प्रश्न नाही. कोणावर विसंबून राहणे म्हणजे मरण, असे लहानपणापासून शिकवले गेलेल्या माणसाने प्रेम करावे कसे, हा आहे. तिची दहा कादंबऱ्यांची वाटचाल या प्रश्नाभोवती फिरते.

लेखक-दांपत्य

इलोना या मूळच्या रशियन. त्यांचे पती गॉर्डन हे अमेरिकी सैन्यात संदेशवहन विभागात सार्जंट होते. महाविद्यालयात इंग्रजी निबंधलेखनाच्या वर्गात दोघांची ओळख झाली. त्या विषयात इलोना यांना अधिक चांगली श्रेणी मिळाली आणि पती अद्याप ते विसरलेले नाहीत, असे दोघे आपल्या परिचयात गमतीने नमूद करतात. मालिकेतील संवादांची चुरस, नवरा-बायकोच्या कुरबुरींतील खरेपणा आणि स्लाव लोककथांचा सहज वावर यांचे मूळ या पार्श्वभूमीत दिसते.

लाटांवर हेलकावणारे शहर

कथा घडते अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात. जगात जादू परतली आहे. पण ती स्थिर नाही. ती भरती-ओहोटीसारखी येते आणि जाते. जादूची लाट आली की वीज बंद पडते, बंदुका चालत नाहीत, मोटारी थांबतात. लाट ओसरली की यंत्रे पुन्हा सुरू होतात आणि मंत्र निष्प्रभ ठरतात. केव्हा काय चालेल याचा नेम नसल्याने माणसे घोडेही बाळगतात आणि मोटारीही. जादू उंच इमारतींना कुरतडून पाडते. त्यामुळे गगनचुंबी अटलांटाचे ढिगारे झाले आहेत. दर सात वर्षांनी येणारी महालाट सलग काही दिवस टिकते आणि तेव्हा देवताही पृथ्वीवर उतरू शकतात.

या शहरात अनेक सत्ताकेंद्रे आहेत. ‘पॅक’ हा रूपांतरी लोकांचा समूह. हे लोक एका विषाणूमुळे पशुरूप धारण करतात आणि लांडगा, अस्वल, तरस, मांजरवर्ग अशा सात कुळांत विभागलेले असतात. आत्मसंयम सुटला तर ते कायमचे वेडे आणि हिंस्र होतात, म्हणून त्यांचे नियम कडक असतात. ‘पीपल’ ही प्रेतसाधकांची संघटना. या मालिकेतील व्हॅम्पायर म्हणजे देखणे उमराव नव्हेत. ती मन नसलेली भुकेली प्रेते आहेत आणि साधक त्यांना दूर बसून कळसूत्री बाहुल्यांसारखे चालवतात. त्यांच्या कॅसिनोची शुभ्र इमारत ताजमहालाची आठवण करून देणारी आहे आणि आरंभीच्या भागांतील त्यांचा प्रमुख ‘नटराज’ हे नाव धारण करतो. तिसरी संस्था म्हणजे ‘ऑर्डर ऑफ मर्सिफुल एड’. हे नाइट लोकांना मदत करतात, मात्र त्यांच्या लेखी मनुष्य कोण हे त्यांनीच ठरवलेले असते.

लाटांची ही कल्पना केवळ नेपथ्य नाही. केटच्या अंगीही दोन गोष्टी आहेत : कष्टाने मिळवलेली तलवारबाजी आणि जन्माने मिळालेली जादू. पहिली ती अभिमानाने मिरवते, दुसरी जिवापाड लपवते.

शस्त्र म्हणून वाढवलेली मुलगी

केटचा पिता रोलंड हा हजारो वर्षांपूर्वीचा सम्राट आहे. बायबलमधील निम्रोद तो हाच, असे मालिका सांगते. जादू परतल्यावर तो दीर्घ निद्रेतून जागा झाला. केटची आई कालिना हिच्यावर त्याचे प्रेम होते आणि मूलही त्याला हवे होते. परंतु ते मूल पुढे आपल्यालाच भारी पडेल या भयाने त्याने त्याचा गर्भातच नाश करायचे ठरवले. कालिना रोलंडचा सेनापती वोरोन याच्यासह पळाली. अखेर रोलंडने त्यांना गाठले, तेव्हा तान्ह्या मुलीला घेऊन वोरोनला निसटता यावे म्हणून ती मागे थांबली आणि मारली गेली.

वोरोनने मुलीला वाढवले ते एका हेतूने : एक दिवस तिने रोलंडला ठार करावे. त्याने तिला तलवार दिली आणि एकटीला रानावनांत सोडून जगायला शिकवले. मित्र नको, घर नको, कोणावर जीव लावणे नको, ही त्याची शिकवण. तिच्या रक्तातून तिचे कूळ ओळखता येते, म्हणून जखमेच्या पट्ट्याही ती जाळून टाकते. पहिल्या कादंबरीतील केटचा फटकळपणा आणि अधिकाऱ्यांशी उर्मटपणे वागण्याची सवय सुरुवातीला विनोदी वाटते. हळूहळू लक्षात येते, की कोणी जवळ येऊ नये म्हणून उभारलेले ते कुंपण आहे.

‘मॅजिक बाइट्स’मध्ये तिचा पालक आणि ऑर्डरचा नाइट ग्रेग फेल्डमन याचा खून होतो. त्याचा शोध घेताना केट चुकते, निरपराध माणसावर संशय घेते आणि त्याची किंमत मोजते. ही चूक महत्त्वाची आहे. लेखकांनी नायिकेला सुरुवातीपासून सर्वज्ञ केलेले नाही. तिची शक्ती मोठी असली तरी माणसे ओळखण्याची तिची समज कच्ची आहे.

सिंहाशी ओळख

याच कादंबरीत तिची गाठ करन लेनार्ट याच्याशी पडते. करन हा पॅकचा प्रमुख, ‘बीस्ट लॉर्ड’, म्हणजे पशुराज. त्याचे पशुरूप सिंहाचे. वेड्या झालेल्या रूपांतरींनी त्याचे आईवडील आणि बहीण यांची हत्या केली, तेव्हा तो लहान होता. अस्वल कुळाच्या माहोनने त्याला वाढवले आणि पंधराव्या वर्षी तो सर्व कुळांचा प्रमुख झाला. पहिल्याच भेटीत अंधारात दडलेल्या या पशुराजाला केट घरच्या मांजराला बोलवावे तशी हाक मारते. त्या उद्धटपणाची परतफेड करण्यात दोघांची पुढची तीन पुस्तके जातात.

वरकरणी हा नेहमीचाच ‘दांडगा नायक, तिखट नायिका’ असा मामला वाटतो. परंतु दोघांत एक खोल साम्य आहे. दोघांनीही बालपणी कुटुंब गमावले. त्यातून करनने एक धडा घेतला : कळप जमवायचा आणि त्यातील प्रत्येकाचे रक्षण करायचे. केटला नेमका उलटा धडा मिळाला : कोणालाच जवळ करायचे नाही. या दोन उत्तरांचा संघर्ष म्हणजे त्यांची प्रेमकथा.

सावकाश फुलणारे प्रेम

‘मॅजिक बर्न्स’मध्ये (२००८) महालाटेच्या दिवसांत केटला ज्युली ही रस्त्यावर वाढलेली मुलगी सापडते. तिची आई बेपत्ता आहे. केट तिला आश्रय देते आणि इथूनच वोरोनच्या शिकवणीला पहिला तडा जातो. प्रियकराच्या आधी नायिकेच्या आयुष्यात एक मूल येते, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. याच भागात अँड्रिया नॅश ही ऑर्डरमधील सहकारी तिची जिवलग मैत्रीण होते. अँड्रियालाही आपल्या जन्माचे रहस्य लपवायचे आहे. एकमेकींचे गुपित राखणाऱ्या या दोघींची मैत्री मालिकेतील प्रेमकथेइतकीच भक्कम आहे.

‘मॅजिक स्ट्राइक्स’ (२००९) भारतीय वाचकाला विशेष गमतीची वाटेल, कारण तिच्यातील खलपात्रे राक्षस आहेत आणि तेही आपल्या पुराणांतून घेतलेले. गुप्त कुस्ती-आखाड्यात उतरलेल्या राक्षसांच्या चमूच्या नादी लागून डेरेक हा तरुण रूपांतरी जायबंदी होतो. त्याच्यासाठी केट आखाड्यात उतरते आणि पॅकचा नियम मोडून खुद्द करनही तिच्या बाजूने लढतो. पुष्पक विमानाची आठवण करून देणारा उडता प्रासादही या कथेत येतो.

रूपांतरींच्या चालीरीतींचा उपयोग लेखकांनी प्रेमकथेत मोठ्या खुबीने केला आहे. त्यांच्यात आपल्या हाताने अन्न वाढणे किंवा दुसऱ्याच्या घरात नकळत शिरून दाखवणे हा प्रणयाराधनाचा भाग असतो. हे ठाऊक नसलेली केट करनने दिलेले सूप निमूट पिते आणि भोवतालची मंडळी गालातल्या गालात का हसतात, हे तिला उमगत नाही.

‘मॅजिक ब्लीड्स’ (२०१०) हा मालिकेचा खरा मध्य. केट पहिल्यांदा कोणासाठी तरी जेवण रांधून वाट पाहते आणि तो येत नाही. न पोचलेल्या निरोपातून झालेला हा गैरसमज तिला जिव्हारी लागतो. आखाड्यात हसत वार झेलणारी ही बाई टेबलावर गार झालेल्या जेवणापुढे कोलमडते. पुढे ती करनच्या किल्ल्यात शिरून त्याच्या व्यायामाच्या बाकाशी खोडी करते. हा प्रसंग हसवतो. पण ‘मला फरक पडतो’ अशी ती तिची पहिली जाहीर कबुली असते.

याच वेळी रोलंडची बहीण एरा शहरावर चालून येते आणि केटचे रहस्य उघडे पडण्याची वेळ येते. केट आपले कूळ करनला सांगते. आपल्या सोबतीत राहणे म्हणजे रोलंडचा रोष ओढवून घेणे, हे तिला माहीत असते. म्हणून तिचा कल दूर जाण्याकडे असतो. करन तिला जाऊ देत नाही. एराशी झालेल्या लढाईनंतर तो बेशुद्धावस्थेत असताना अनेक दिवस केट त्याच्या उशाशी राहते आणि त्याची जागा बळकावू पाहणाऱ्यांशी लढते. तेव्हाच ती खऱ्या अर्थाने त्याची सहचारिणी ठरते.

मीलनानंतरची कथा

बहुतेक प्रेमकथा मीलनाशी संपतात. इथे त्यानंतर सहा कादंबऱ्या आहेत आणि मालिकेचे वेगळेपण त्यांतच आहे. ‘मॅजिक स्लेज’मध्ये (२०११) केट ऑर्डर सोडून स्वतःचे तपास कार्यालय चालवत असते. वोरोनविषयीचे कटू सत्य तिला इथे कळते : कालिनाने जादूने त्याचे मन वळवले होते आणि ज्याला ती पिता मानत आली, त्याने तिला मुख्यतः सूडाचे साधन म्हणून वाढवले होते. त्याच कादंबरीत ज्युलीला रूपांतरींचा विषाणू जडतो आणि ती कायमची वेडी होण्याची वेळ येते. केट आपल्या रक्ताच्या विधीने तिला वाचवते. पण त्यामुळे ज्युलीची इच्छा केटच्या आज्ञेला बांधली जाते. प्रेमापोटी घेतलेला हा निर्णय रोलंडच्या पद्धतीशी जुळणारा आहे. मुलीला वाचवताना आपण तिचे स्वातंत्र्य हिरावले, ही बोच केटला पुढे सतत छळते.

‘मॅजिक राइझेस’मध्ये (२०१३) मुलांना वेडापासून वाचवणाऱ्या औषधासाठी मंडळी काळ्या समुद्राच्या किनारी जातात. तिथे रोलंडचा सेनापती ह्यू डी’अँब्रे भेटतो. केटच्या रक्षणासाठी करन तिला काहीच न सांगता दुसऱ्या स्त्रीत रस असल्याचे नाटक करतो. हेतू चांगला असला तरी जोडीदाराला अंधारात ठेवणे हा विश्वासघातच, असे केट त्याला खडसावते. क्षमा मिळते, पण लगेच नव्हे.

‘मॅजिक ब्रेक्स’मध्ये (२०१४) पिता-पुत्री समोरासमोर येतात. अटलांटा रोलंडच्या हाती जाऊ नये म्हणून केट त्या भूमीवर स्वतःचा हक्क सांगते आणि तिच्यासोबत राहण्यासाठी करन पशुराजपद सोडतो. ज्याने आयुष्यभर कळप हेच कुटुंब मानले, त्याचा हा त्याग मोठा आहे. ‘मॅजिक शिफ्ट्स’मध्ये (२०१५) दोघे उपनगरातील घरात राहतात, शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकतात आणि जगज्जेत्या सासऱ्याबरोबर एका साध्या साखळी-उपाहारगृहात जेवायला बसतात.

‘मॅजिक बाइंड्स’ (२०१६) ही लग्नाची कादंबरी. पण तिच्यावर भविष्यवाणीची गडद छाया आहे. शहरावरील हक्कामुळे केटच्या स्वभावात बदल होऊ लागतो. अधिक सत्ता घ्यावी, लोकांच्या भल्यासाठी त्यांच्या वतीने निर्णय करावेत, ही ओढ तिला जाणवते. रोलंडही क्रूर आनंदासाठी राज्ये जिंकत नाही. जगाचे भले आपल्यालाच कळते, अशी त्याची प्रामाणिक खात्री आहे. आपणही तसेच होऊ, ही केटची भीती त्यामुळे खरी वाटते. तिला सावरतात ती भोवतालची माणसे. करन, ज्युली आणि अँड्रिया वेळोवेळी तिला तोंडावर ‘नाही’ म्हणतात. मित्र नकोत हा वोरोनचा नियम तिने पाळला असता, तर तिला थांबवायला कोणी उरलेच नसते.

‘मॅजिक ट्रायम्फ्स’मध्ये (२०१८) केट तेरा महिन्यांच्या कॉनलनची आई आहे. मुलाच्या जिवावर उठलेल्या बापाची मुलगी आता स्वतः आई झाली आहे. आपल्या मुलासाठी ती काय पणाला लावते, हे तिथेच वाचावे.

गुणदोष

मालिकेत उणिवा आहेत. पहिल्या भागात पात्रांची आणि संस्थांची गर्दी फार आहे. अनेक वाचकांना खरी गोडी तिसऱ्या भागापासून लागते. आरंभीच्या काळातील करनचा अरेरावी हक्क आज खटकण्यासारखा आहे. प्रत्येक भागात शत्रू अधिक बलाढ्य होत जातो आणि नायिकेच्या शक्तीही त्यामानाने वाढत जातात, त्यामुळे उत्तरार्धात सामान्य शहरवासी मागे पडतो. युद्धप्रसंगांची रेलचेल काहींना थकवेल.

या उणिवा असूनही दोन गोष्टी ठसतात. पहिली, केटच्या प्रेमात तिचे कर्तृत्व विरघळत नाही. लग्नानंतरही तिची तलवार तिच्याच हाती राहते. दुसरी, प्रेमामुळे ती दुबळी होईल हे वोरोनचे भाकीत मालिका तपासून पाहते आणि त्याचे सोपे उत्तर देत नाही. प्रियजनांमुळे तिच्यावर घाव घालण्याच्या जागा खरोखरच वाढतात. पण लढण्याचे कारणही त्यांच्यामुळेच मिळते आणि कोठे थांबायचे, हेही तिला तेच दाखवतात.

मालिकेचा विस्तार

मुख्य दहा कादंबऱ्यांखेरीज अँड्रिया नॅशची ‘गनमेटल मॅजिक’ (२०१२) आणि ह्यू डी’अँब्रेची ‘आयर्न अँड मॅजिक’ (२०१८) या कादंबऱ्या याच जगात घडतात. ‘ब्लड एअर’मध्ये (२०२१) मोठी झालेली ज्युली नव्या नावाने आणि नव्या रूपात अटलांटाला परतते. ‘मॅजिक टाइड्स’ आणि ‘मॅजिक क्लेम्स’ (दोन्ही २०२३) या छोट्या कादंबऱ्यांत केट आणि करन मुलासह विल्मिंग्टन या किनारी शहरात नवे घर मांडतात. नव्याने वाचू इच्छिणाऱ्यांनी प्रकाशनक्रमच पाळावा. केटच्या प्रत्येक निर्णयामागे मागच्या पुस्तकातील एखादी जखम असते. ती ठाऊक नसेल तर नंतरच्या भागांतील तिचे घर केवळ घर वाटेल. पहिल्या पानावर तिच्याजवळ ते नव्हते, हे माहीत असणाऱ्यालाच त्याचे मोल कळते.